जास्तीचा गावकरी

नंदकुमार टिपणिसांनी सोसायटीच्या हॉलसाठी अर्ज केला तेव्हा कारणाच्या रकान्यात त्यांनी खरं तेच लिहिलं, आणि तिथेच त्यांची वाट लागली. त्यांनी लिहिलं होतं, 'जुन्या मित्रांची भेट'. बोरीवलीच्या त्या सोसायटीत हॉल बारशाला मिळे, डोहाळजेवणाला मिळे, सत्यनारायणाला तर मागण्याआधी मिळे. पण नुसतं भेटायला म्हणून तो आजवर कोणी मागितला नव्हता. सेक्रेटरी जयवंतरावांनी अर्ज एकदा चष्मा लावून वाचला आणि एकदा काढून.

"किती वर्षांची मैत्री?"

"सोळा."

"मग नावं लिहा खाली. वॉचमनला यादी द्यावी लागते."

"नावं माहीत नाहीत."

जयवंतरावांनी चष्मा परत लावला. "सोळा वर्षांचे मित्र. नावं माहीत नाहीत."

"टोपणनावं माहीत आहेत. खविस, घोरपड, मिरचीपूड, कालवण आणि पाटीलबाई."

"टिपणीस, तुम्ही इन्शुरन्समध्ये होतात ना?"

"होतो."

"मग तुम्हाला कळायला हवं," एवढंच म्हणून जयवंतरावांनी अर्ज खणात टाकला. काय कळायला हवं, हे नंदकुमारांना घरी पोचेपर्यंत कळलं नाही, आणि घरी पोचल्यावर विचारायचं कोणाला हेही कळलं नाही.

इथे एक सांगायला हवं. सोसायटी तेव्हा रिडेव्हलपमेंटला निघाली होती. दोन बिल्डर, दोन तट. जिन्यात दोघं बोलताना दिसले की तिसरा चपलेचा पट्टा नीट करायला नेमका तिथेच वाकायचा. अशा दिवसांत बिननावाची माणसं बोलावून बंद हॉलमध्ये बसणं म्हणजे काय, हे नंदकुमार सोडून सगळ्यांच्या लक्षात आलं. तरी तिसऱ्या दिवशी जयवंतरावांनी परवानगी दिली, आणि देताना चक्क हसले. नंदकुमारांना तेव्हाच संशय यायला हवा होता. सोळा वर्षं संशयाचाच खेळ खेळलेला माणूस. पण खेळाबाहेर त्यांचा संशय त्यांच्याबरोबरच रिटायर झाला होता.

खेळाचं नाव 'कोल्हा कोण'. एका मराठी गप्पांच्या साइटवर तो चाले. सगळे गावकरी म्हणजे कोंबड्या. डाव चालवणाऱ्या पाटीलबाई त्यांतल्या दोघांना गुपचूप कळवायच्या की तुम्ही कोल्हे. कोल्हे रात्री एक कोंबडी खायचे. दिवसा गाव एकमेकांवर यथेच्छ आरोप करून मतदानाने एकाला हद्दपार करायचं. हद्दपार माणसाला शेवटचं एक वाक्य बोलायची मुभा. खेळ एवढाच. पण त्यात माणसांची लग्नं झाली, नोकऱ्या गेल्या, गुडघे बदलले, आणि खेळ चालू राहिला. नंदकुमारांचा आयडी 'पहारेकरी'. निर्दोष असताना ते जितक्या वेळा हद्दपार झाले तितकं गावात दुसरं कोणी झालं नव्हतं, आणि दर वेळी त्यांचं शेवटचं वाक्य ठरलेलं असे : 'मी निर्दोष आहे, गाव पस्तावेल.' गाव कधीच पस्तावलं नाही, तो भाग निराळा. परंतु तिथे निदान त्यांच्यावर आरोप तरी होत. घरी आणि सोसायटीत त्यांच्या बोलण्याला उत्तर देण्याची पद्धत राहिली नव्हती.

आणि आता खेळ बंद पडायला आला होता. साइटच्या मालकाने दुकान आवरायला घेतलं होतं. पाटीलबाई (खरं नाव गार्गी, पण ते कळलं भेटीच्या दिवशी) नवी जागा करायला तयार होत्या, पण गावात सात माणसांखाली डाव लागत नाही. एक गावकरी नातवंडाच्या नादाला लागून गळल्यापासून सहाच उरले होते. तेव्हा एकदा सगळ्यांनी प्रत्यक्ष भेटायचं, जुन्या डावांवर हसायचं, आणि सातवा मिळत नसेल तर गावाला कुलूप लावायचं, असं ठरलं होतं. नंदकुमारांनी हॉल मागितला तो यासाठी. त्यांना कुलूप नको होतं. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखा एकमेव माणूस म्हणजे त्यांची बायको पद्मजाताई, आणि त्या "एक व्याप कमी होईल" असं म्हणाल्या असत्या.

भेटीलाही गार्गीने नियम घातला. आजवर कोणी कोणाचा चेहरा पाहिलेला नाही, वय-धंदा सांगायचा नाही हा तर गावाचा पहिल्यापासूनचा कायदा. तेव्हा दारात नाव सांगायचं नाही, आयडी सांगायचा नाही. फक्त कुठून आलो ते सांगायचं. कोण कोण आहे ते जेवणानंतर ओळखायचं. नंदकुमारांना ही कल्पना झकास वाटली. शेजारच्या मालनताईंना वाटली नाही.

"भावजी, नाव नाय सांगणाऱ्या माणसाक आत घेव नकात," दारातच कोथिंबीर निवडत त्या म्हणाल्या. "तो पोलीस तरी असता, नायतर पॉलिसी विकणारो."

"मीच पॉलिसी विकायचो, मालनताई."

"म्हणान तर सांगतंय."

पद्मजाताईंनी वालाचं बिरडं, भात आणि सोलकढी करून ठेवली आणि बहिणीकडे निघून गेल्या. "तुमच्या कोल्ह्यांना वाढायला मी थांबणार नाही," जाताना त्या म्हणाल्या. "आणि माझ्या पातेल्यांवर नजर ठेवा." गावात मात्र पहारेकऱ्याच्या बिरड्याची कीर्ती फार जुनी. 'आज स्वतः बिरडं केलं' असं नंदकुमार तिथे वर्षातून दोन-चारदा सहज लिहून जात. प्रत्येक माणसाच्या खात्यात अशी एखादी खोटी जमा असतेच. त्यांची ही होती.

रविवारी अकराच्या सुमारास गेटवरून वॉचमनचा फोन आला. "साहब, कोई आया है। नाम पूछा तो बोलता है घाटकोपर।"

"भेज दो।"

"और एक मॅडम है। बोलती है पार्ले।"

"उनको भी।"

"साहब, सेक्रेटरी साहब यहीं खड़े हैं। बोल रहे हैं सबको जाने दो।"

नंदकुमारांना जयवंतरावांचं हे सौजन्य फार भावलं.

एकेक जण आला. घाटकोपर म्हणजे भरदार मिशांचा, बसायच्या आधीच भांडायला सुरुवात करणारा गृहस्थ. पार्ले म्हणजे बारीक आवाजाच्या, समोरच्याचं बोलणं तपासून घेतल्यासारख्या ऐकणाऱ्या बाई. अंधेरी हसरा आणि घामाघूम. मुलुंडने येताना स्वतःची खुर्ची आणली होती, पाठीमुळे. सांताक्रूझ हा तिशीतला सडसडीत तरुण. हसायचा, पण सगळ्यांचं हसून संपत आल्यावर. गार्गी शेवटी आली. डाव चालवणारी म्हणून नाव आणि आयडी तिने एकटीने सांगितले, आणि सगळ्यांकडे एकदा असं पाहिलं की नंदकुमारांनी विनाकारण शर्टाचं वरचं बटण लावलं.

मग आठवणी निघाल्या. सोळा वर्षं टाइप केलेलं एकमेकांच्या तोंडावर बोलायला मिळालं की माणसं काय करतील सांगता येत नाही.

"तो गणपतीतला डाव आठवतो?" अंधेरी म्हणाला. "दोन्ही कोल्हे एकमेकांना ओळखत नव्हते आणि एकाने दुसऱ्यालाच हद्दपार केलं."

"हद्दपार काय, सत्कार करून पाठवला," पार्ले म्हणाल्या. "वर कविता लिहिली होती त्याच्यावर."

"ती कविता चांगली होती," घाटकोपर एकदम म्हणाला, आणि सगळे त्याच्याकडे वळून पाहायला लागल्यावर, "म्हणजे असं लोक म्हणायचे," असं पुटपुटला.

"आणि पहारेकरी," मुलुंड स्वतःच्या खुर्चीत रेलून म्हणाला. "यार, तो माणूस एका डावात स्वतःलाच मत देऊन बसला होता."

नंदकुमार सगळ्यांबरोबर हसले. स्वतःवर परक्यासारखं हसायला किती जोर लागतो हे त्यांना त्या दिवशी कळलं. सांताक्रूझही हसला, जरा उशिरा. "तू काहीच बोलत नाहीस रे," अंधेरी त्याला म्हणाला, "तू तोच ना, गप्प राहून शेवटपर्यंत टिकायचास?" सांताक्रूझने मान खाली घातली. त्याला लोकांनी विनयी ठरवलं आणि उरलेल्या आठवणी आपणहून त्याच्या नावावर जमा करायला सुरुवात केली.

जेवायची वेळ झाली. नंदकुमारांनी मोजून सहा पानं मांडली. सगळे बसले, आणि ते स्वतः उभेच राहिले.

त्यांना आधी वाटलं, आपण मोजायला चुकलो. मग गार्गीने मोजलं. मग पार्लेबाईंनी, प्रत्येकाच्या खांद्याला बोट लावून. आयडी सहा, माणसं सात.

दुसऱ्या कुठल्याही सात मध्यमवर्गीयांनी अशा वेळी सरळ विचारलं असतं, की बाबा तू कोण. पण या माणसांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो लग्नाच्या फोटोंतही पसरला नसेल. खरा कोल्हा. जिवंत, आणि सोलकढी पिणारा.

"कोणी काही कबूल करायचं नाही," गार्गी म्हणाली. "आधी जेवा. मग चौकशी."

फक्त घाटकोपरचा चेहरा वाकडा झाला. "कबूल करू दे की नको करू दे, एक सांगून ठेवतो. आपल्यातलाच कोणी गंमत करत असेल तर ठीक. पण बाहेरचा कोणी आमची मजा बघायला घुसला असेल, तर मी आत्ता उठेन आणि परत या खेळात दिसणार नाही. सोळा वर्षं घरचे हसतातच आहेत. बाहेरच्यांना तिकीट लावून बोलावलेलं नाही." अंधेरी आणि मुलुंडने माना डोलावल्या. नंदकुमारांनी मनातल्या मनात हिशोब केला. सातवा मिळायचा राहिला बाजूलाच, आता सहाचे तीन होण्याची चिन्हं दिसायला लागली.

त्यांचा संशय मुलुंडवर होता. स्वतःची खुर्ची घेऊन फिरणारा माणूस सरळ असणं शक्य नाही, असं त्यांचं मत झालं होतं. ते ही गोष्ट मांडणार, तेवढ्यात पार्लेबाईंनी बिरड्याचा घास घेऊन अगदी गोड आवाजात विचारलं, "बोरीवली, दार तुम्ही उघडलंत. वाढताय तुम्ही. म्हणजे हे बिरडं तुम्हीच केलं असणार."

आयडी सांगायची बंदी होती, बिरड्याची नव्हती. "अर्थात," नंदकुमार म्हणाले.

"वाल कधी भिजत घातले होते?"

"सकाळी," नंदकुमार ताडकन म्हणाले. "उठल्या उठल्या."

पार्लेबाईंनी बोट चाटून खाली ठेवलं. अंधेरीने घास ताटात परत ठेवला.

"सकाळी भिजत घालून दुपारी बिरडं?" मुलुंड म्हणाला. "कुकरमध्ये मोड आणले वाटतं."

"वाल दोन दिवस आधी भिजवायला लागतात," सांताक्रूझ पहिल्यांदा आपणहून बोलला. "मग बांधून ठेवायचे. मोड आले की कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचा. नखं दुखतात." आणि त्याने दोन्ही हातांची नखं पुढे केली. कोणीही ओळखावं, ती वाल सोललेली नखं होती.

त्यानंतर नंदकुमारांचं कोणी ऐकलं नाही. दार उघडणारा यजमानच असतो हे कोणी सांगितलं, असं घाटकोपरने विचारलं. चमचे शोधायला हा माणूस तीन खण उघडत होता, हे अंधेरीला आठवलं. हा सोसायटीतला कोणीतरी काका असून खऱ्या पहारेकऱ्याच्या आधी दारात येऊन उभा राहिला, असा मुलुंडने सिद्धान्त मांडला. नंदकुमारांनी नियम मोडून स्वतःचा आयडी सांगितला, तेव्हा तर गावाची खात्रीच पटली. कारण नियम मोडतो तो कोल्हाच. "वॉचमनला विचारा," ते म्हणाले. "वॉचमनला काय, चहापाण्याला दिले की तो हो म्हणेल," घाटकोपर म्हणाला. मतदान झालं. सांताक्रूझनेही त्यांच्याविरुद्ध मत दिलं, फक्त देताना "सॉरी हं काका" म्हणाला.

रीतीप्रमाणे हद्दपार माणसाने बाहेर थांबायचं आणि शेवटच्या वाक्यासाठी बोलावलं की यायचं. ज्या हॉलसाठी आपण अर्ज केला, अनामत भरली, फरशी पुसून घेतली, त्याच हॉलमधून नंदकुमार बाहेर पडले आणि त्यांच्या मागे दार लागलं.

बाहेर मीटर रूमपाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर जयवंतराव बसले होते. डोळे मोबाइलमध्ये, कपाळावर आठ्या.

"या," ते म्हणाले. "आता लपवण्यात अर्थ नाही. आमचे देवेशराव आत आहेत."

"कोण देवेशराव?"

"जावई आमचे. कालच मुक्कामाला आलेत, तुम्ही कुठले ओळखायला. मीच पाठवलं, काय शिजतंय बघून या म्हटलं." त्यांनी मोबाइल पुढे केला. "हे वाचा. 'चर्चा कोंबड्यांबद्दल चालू आहे.' मग हे. 'एका कोल्ह्याने दुसऱ्याला हटवलं, नंतर कविता केली.' टिपणीस, सरळ सांगा. कोल्हे म्हणजे दोन बिल्डर. हे लहान मूलसुद्धा सांगेल. पण या कोंबड्या कुठल्या? बी विंगमधले दोन फ्लॅट ना?"

"जयवंतराव, त्या कोंबड्याच आहेत."

"तेच तर," जयवंतराव म्हणाले. "मग तासाभरापासून मेसेज का बंद? माणूस सांगेना झाला की समजायचं, त्याला फोडला. बघा, बघा जरा आत काय चाललंय."

दाराच्या फटीतून नंदकुमारांनी पाहिलं. सांताक्रूझ, म्हणजे हाच तो देवेश, खुर्चीच्या कडेवर आला होता आणि घाटकोपरशी हातवारे करून भांडत होता. कुठल्या तरी जुन्या डावात खरा दोष कोणाचा, यावरून. तो डाव झाला तेव्हा हा तिथे नव्हताच. घाटकोपर ओरडत होता आणि हा ओरडत उत्तर देत होता आणि दोघांचे चेहरे फुलले होते. सासरी या मुलाला 'बसा' आणि 'घ्या अजून' याखेरीज कोणी काही म्हणत नसावं, आणि वाल सोलायला देत असावेत. 'पुढचा डाव कधी लावायचा?' असं त्याने गार्गीला विचारलेलं नंदकुमारांना स्पष्ट ऐकू आलं.

तेवढ्यात दार उघडलं. "चला काका," गार्गी म्हणाली. "शेवटचं वाक्य."

नंदकुमार आत गेले. वाक्य तयार होतं, आणि या वेळी पुरावाही होता : दाराबाहेर जयवंतराव, त्यांच्या हातात मोबाइल, मोबाइलमध्ये सगळे मेसेज. एक बोट दाखवायचा अवकाश. त्यांनी देवेशकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी घाटकोपरकडे पाहिलं. बोट दाखवलं की हा उठणार. त्याच्यामागून अंधेरी, मुलुंड. मग खेळ कसला आणि गाव कसलं. हा मुलगा इतकी वर्षं न खेळता नुसता खेळ वाचत होता म्हणावं, तर घाटकोपर त्याला दोन प्रश्न विचारणार आणि तो पडणार. सोळा वर्षांतला प्रत्येक डाव पाठ असलेला माणूस त्या हॉलमध्ये एकच होता.

"मीच कोल्हा," नंदकुमार म्हणाले.

आयुष्यात प्रथमच गावाने त्यांचं पूर्ण ऐकलं.

"पण मी मजा बघायला आलेलो नाही. मी वाचनमात्र आहे. पहिल्या डावापासून तुमचं सगळं वाचतो. लिहायचा कधी धीर झाला नाही. इथे तुम्ही भेटणार असं वाचलं आणि राहवलं नाही."

घाटकोपरने त्यांना तिथल्या तिथे तपासलं. कुठल्या डावात कोणी कोणाला खाल्लं, गणपतीतल्या कवितेचं दुसरं कडवं कुठलं. नंदकुमारांनी सांगितलं, आणि कविता ऐकतानाच घाटकोपरचे डोळे भरून आले. कारण ती त्याचीच होती आणि आजवर ती कोणी पाठ केली नव्हती. आपल्याला कोणीतरी सोळा वर्षं गुपचूप वाचतंय, यापुढे कुठलं गाव रागावून राहील?

"पण मग पहारेकरी कोण?" अंधेरीने विचारलं.

आता सगळे आयडी बाहेर पडले. खविस घाटकोपर निघाला, मिरचीपूड पार्लेबाई, मुलुंड घोरपड, अंधेरी कालवण. उरला सांताक्रूझ. देवेशने नंदकुमारांकडे पाहिलं. नंदकुमारांनी अगदी सावकाश मान हलवली. त्या हलवण्यात काय काय गेलं ते त्यांचं त्यांना ठाऊक.

"हो," देवेश म्हणाला. "मीच."

"नखांवरूनच मी ओळखलं होतं," पार्लेबाई म्हणाल्या.

"आणि हा हॉल?"

"माझ्या सासऱ्यांनी मिळवून दिला," देवेश म्हणाला, आणि त्या दिवशी त्याने एवढंच खरं सांगितलं.

"अरे पण सोळा वर्षांपूर्वी तू असशील केवढा?"

"आठवीत."

"तरीच," मुलुंडने मांडीवर थाप मारली. "तरीच त्या पोस्टी एवढ्या पोरकट वाटायच्या. मी म्हणायचो, मोठा माणूस असं कसं लिहील?" आणि सगळ्यांनी त्या निरागस बालकाचं कौतुक केलं. नंदकुमारांनी तोंडावर हसू ठेवून उष्टी ताटं उचलली.

पहारेकरी धरून गावाचे सहा, आणि हे धीट झालेले वाचनमात्र काका सातवे. गार्गीने तिथेच जाहीर केलं की कुलूप रद्द. नव्या जागी सगळ्यांनी नव्याने नोंदणी करायची, जुनीच नावं ठेवायची; काकांनी मात्र नवं नाव शोधायचं. जाताना तिने नंदकुमारांचा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला.

जयवंतरावांनी देवेशला त्या संध्याकाळी खोदून खोदून विचारलं. देवेश म्हणाला, तो एक खेळ आहे. जावयाला तिथल्या तिथे विकत घेतलं गेलं, असं त्यांनी पुढच्या कमिटी मीटिंगमध्ये नाव न घेता सांगितलं. तेव्हापासून जिन्यात नंदकुमार दिसले की दोन्ही तटांची माणसं त्यांना आधी नमस्कार करतात. त्यांच्यामागे कोणीतरी मोठा बिल्डर आहे, असा सगळ्यांचा अंदाज आहे.

आणि नव्या जागी पहिला डाव लागला. नंदकुमारांनी 'नवखा' असं नाव घेतलं होतं. गावाने त्यांना खेळाचे नियम समजावून सांगितले. त्यांतले निम्मे त्यांनीच कधीकाळी लिहिलेले होते. 'नवख्यावर इतक्यात संशय घेऊ नका, घाबरून पळेल,' असं मिरचीपूडने बजावलं. इतक्या वर्षांत गावाने त्यांना असं अभय प्रथमच दिलं होतं. त्याच दुपारी गार्गीचा खासगी निरोप आला : 'काका, तुम्ही कोल्हा आहात. कोणती कोंबडी खाणार ते कळवा. घाई नाही, पण मला वाटतं तुमचं ठरलेलं असेल.'

नंदकुमारांनी क्षणाचाही विचार न करता नाव कळवलं.

सकाळी गाव जागं झालं तर पहारेकरी गेलेला. खविसने शोक केला, कालवणने कोल्ह्याला शिव्या दिल्या. नवख्यावर कोणाचं लक्षही नव्हतं. सगळ्यांचं लिहून झाल्यावर त्याने खाली चार ओळी टाकल्या : 'फार मोठा माणूस गेला. त्यांच्या जुन्या साइटवरच्या सगळ्या पोस्टी मी वाचल्या आहेत, काही तर दोनदोनदा. मी नवा आहे, मला फार कळत नाही. पण एकही पोरकट नव्हती.'